हिंगण्याच्या भिंतीपलीकडची माती

नागपूरला जाणारा माणूस परतताना संत्री नाहीतर संत्रा बर्फी आणतो. मी जाताना माती नेली आणि येताना त्यातलंच एक फोडलेलं पाकीट परत आणलं. मधल्या चार दिवसांत काय झालं, ते आमच्या गडहिंग्लज भागातल्या बायका भेटल्या की विचारतात. माझं उत्तर दरवेळी थोडं वेगळं होतं, कारण खरं सांगायची लाज वाटते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

आमच्या शेताच्या उतारावर चार हात खाली पिवळसर पांढरी चिकणमाती लागते. ती काढायची, उन्हात वाळवायची, कुटायची, पाण्यात नितळवायची, वस्त्रगाळ करायची आणि पुन्हा वाळवून पाकिटात भरायची, असा माझा पाच वर्षांचा व्याप. चेहऱ्याला लावायला बायका नेतात, आणि नागपूरच्या ठवकर डॉक्टर आपल्या निसर्गोपचार केंद्रासाठी नेतात. पाठीला, गुडघ्याला त्या मातीचे लेप देतात. तर जानेवारीत त्यांचा फोन आला. लेप दिलेल्या एका बाईंच्या पाठीवर पुळ्या उठल्या होत्या, मोठ्या, पू झालेल्या. त्यांनी माझी माती तपासायला दिली होती. मातीत मातीचे जंतू असतातच, पण रिपोर्टात आणखी एक निघाला होता. "हा मातीतला नाही, वसुधाताई," त्या म्हणाल्या. "हा माणसाच्या अंगावर राहणारा आहे. कुणाच्या तरी हातून आलाय."

कुणाच्या हातून, हे मला त्याच क्षणी कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. आमच्याकडे चाळायचं आणि भरायचं काम शेवंता करायची. तिचं माहेर कुंभारवाड्यातलं, मातीची पारख तिच्या रक्तातच. मला या धंद्याचं जे काही येतं ते तिनंच शिकवलं. त्या महिन्यात चाळणीची तार लागून तिचं बोट चिघळलं होतं आणि ती त्याला चिंधी बांधून काम करत होती. मी तिला बोलावलं आणि म्हटलं, तू आता येऊ नकोस. बोटाबद्दल बोलले, हयगयीबद्दल बोलले, जास्तच बोलले. तिनं हात धुतले, डबा उचलला आणि गेली.

पुढे डॉक्टरांनी मार्ग सुचवला. माती बंद पाकिटात भरून आणा, आमच्याकडे नागपूरबाहेर हिंगण्याला किरणं देऊन निर्जंतुक करणारा कारखाना आहे, इंजेक्शनच्या सुया आणि मसालेसुद्धा तिथं जातात. माल तिथून तपासून चांगला निघाला तर घेईन, नाहीतर आपलं जमणार नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी नवीन माल स्वतः भरला, कुणाला हात लावू दिला नाही, दहा खोकी ट्रान्सपोर्टनं पुढे पाठवली आणि मागून रेल्वेनं निघाले.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, म्हणजे पुढचं समजेल. मी काळजी करते. दार लावलं की नाही बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी बाई मी. आमचे हे म्हणतात, तुला काळजी नसली तर तू तिची काळजी करशील. त्यात गावानं भर घातलेली. किरणं मारलेली माती तोंडाला लावायची म्हणजे काय गं, म्हणून एक जाऊ विचारून गेली. दुसरी म्हणाली, तू त्या कारखान्यात शिरू नको, पोटातलं सगळं जळतं. एक दिवस आणि एक रात्र गाडीत मी हेच चघळत होते, आणि सोबत लवंग आणि खडीसाखर. मला बारा महिने घशाची तक्रार.

लकडगंज

नागपूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मार्चच्या सुरुवातीलाच ऊन डोळ्यांत शिरत होतं. आमच्याकडे या दिवसांत सकाळी अजून अंगावर शाल घेतात. लॉजवर पिशवी टाकली आणि थेट लकडगंज गाठलं, कारण खोकी तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरली होती. लकडगंज म्हणजे घाऊक बाजार. लाकडाच्या वखारी, धान्य, लोखंड, मिरच्यांची पोती, आणि हातगाड्यांतून वाट काढणारी माणसं. इथं दुकानदार एका वाक्यात हिंदी आणि मराठी दोन्ही वापरतात आणि त्यांना ते जाणवतही नाही.

माझी दहा खोकी गोदामाच्या कोपऱ्यात होती. वरच्या खोक्याचा एक कोपरा ओला दिसला. वर कुणीतरी तेलाचे डबे ठेवले होते की पाण्याचे, कोण जाणे. गोदामातला माणूस म्हणाला, "काही नाही झालं ताई, वरचा पुठ्ठा भिजला फक्त." वरच्या पुठ्ठ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तिथंच खाली बसले, खोकं फोडलं, पाकीट उघडलं, बोट ओलं करून मातीत टेकवलं आणि जिभेला लावलं. दाताखाली खर नाही, दमटपणा नाही, चव तीच. खात्री करायला शेजारच्या पाकिटातलीही चाखली. मग बरोबर आणलेल्या चिकटपट्टीनं सगळं पुन्हा बंद केलं.

मान वर केली तर टेम्पोवाला माझ्याकडे बघत उभा होता. डॉक्टरांनी ठरवून दिलेला हा माणूस, रामाजी, पन्नाशीचा, गळ्यात पांढरा दुपट्टा.

"ताई, माती खाऊन राहिल्या काय तुम्ही?"

"खात नाही हो, चाखते. आमच्यात मातीची पारख अशीच करतात."

"अस्सं," तो म्हणाला. "मी म्हटलं, प्रवासात जेवण नाही भेटलं वाटते."

माझ्या पोटात खरंच काही नव्हतं. खोकी टेम्पोत चढल्यावर त्यानं मला तर्री पोह्यांच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतून देतात. मी कोल्हापूर भागातली, तिखटाला मी काय भिते, असं म्हणून मी रस्सा जास्त घेतला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आमचं तिखट तोंडात लागतं आणि तिथंच संपतं. हे घशातून खाली उतरतं आणि तिथं मुक्काम करतं. आधीच घसा दुखरा. रामाजीनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

धरमपेठ

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. धरमपेठेत रुंद रस्ते, झाडं, साड्यांची आणि मिठायांची दुकानं. लकडगंजातून आलेल्या माणसाला इथं आवाज कमी केल्यासारखं वाटतं. ठवकर डॉक्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलणं भरभर. त्यांच्याशी माझं पाच वर्षांचं फोनवरचं नातं. समोर बघून मला एकदम अपराध्यासारखं झालं.

"प्रवास कसा झाला? घसा बसलाय तुमचा."

"नेहमीचंच आहे ते. डॉक्टर, किरणं दिलेल्या मातीत किरणं राहत नाहीत ना?"

त्या हसल्या. "उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन राहते का? किरणं आरपार जातात, जंतू मारतात, संपलं. माती होती तशीच. मले दुसरीच चिंता आहे."

"कसली?"

"किरणांनी आजचा माल साफ होईल. पण तो जंतू तुमच्या शेडमध्ये आला कुठून, ते तुम्ही शोधलं का?"

"शोधलं," मी म्हटलं. "पाकिटं भरणाऱ्या बाईचं बोट चिघळलं होतं. काढून टाकलं तिला."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बोटावर जखम होती म्हणता. असू शकते. पण हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात, घशातही बसून राहते. नुसत्या जखमेवर जाऊ नका."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर ऐकलं नाही. मला दोषी सापडलेली होती आणि मला ती सोडायची नव्हती.

तेवढ्यात कमलताई आल्या. याच त्या, ज्यांच्या पाठीवर पुळ्या उठल्या होत्या. साठीच्या, हिंगण्याच्या बाजूला थोडी शेती, धाकटा मुलगा एमआयडीसीत कामाला. डॉक्टरांनी ओळख करून दिली तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं. कमलताईंनी पदर सरकवून पाठ दाखवली. पुळ्या गेल्या होत्या, पण तांबूस डाग उरले होते, बोटानं टेकल्यासारखे. मी काय बोलणार? माफ करा, म्हटलं.

"जाऊ दे वं बाई," त्या म्हणाल्या. "माह्या कमरेले त्या मातीनंच आराम भेटला होता. साफ करून आन, मी पुन्हा लावीन."

त्यांचा हा विश्वास माझ्या छातीवर धोंड्यासारखा बसला. रात्री लॉजवर जेवण गेलं नाही.

हिंगणा

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजीचा टेम्पो हिंगण्याच्या रस्त्याला लागला. पहिल्या पाळीची वेळ. मोटारसायकलींच्या रांगा, मागच्या सीटवर डबे, कंपन्यांच्या बसगाड्या. माझी खोकी मागे हिंदकळत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघत होते.

"काहून घाबरता ताई? माती आहे, काच थोडीच आहे," रामाजी म्हणाला.

"फुटायची नाही हो भीती."

"मंग कशाची?"

मी सांगितलं, शेवंताचं सोडून सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "किरणांचं काही मनावर घेऊ नका. माह्या मोठ्या भावाले कॅन्सरमध्ये किरणंच देल्ले, आज संत्र्याच्या बागेत काम करून राहिला."

कारखाना बाहेरून गोदामासारखाच. फाटकावर नाव-गाव लिहून घेतलं आणि अंगावर लावायला एक छोटा बिल्ला दिला. तो बिल्ला कशासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिथले सुपरवायझर भोयर, चष्मा, खिशाला तीन पेनं. त्यांनी माझे कागद पाहिले, किती मात्रा द्यायची ते डॉक्टरांनी लिहून दिलेलंच होतं. मग त्यांनी प्रत्येक खोक्यावर एक गोल पिवळी टिकली चिकटवली.

"ही लाल झाली की समजा किरणं भेटली. अन् हे पाहा, ही जाळी. जाळीच्या अलीकडे न दिलेला माल, पलीकडे दिलेला. अलीकडचा माणूसही असा सरळ पलीकडे नाही जात. अलीकडचं पलीकडे गेलं की सारं मुसळ केरात."

मला ते फार आवडलं. आमच्या घरी सोवळ्याच्या खोलीत असंच होतं, फक्त तिथं कारण विचारलं की मार मिळायचा. इथं भोयर प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होते. जाळीमागे पुरुषभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती होत्या. त्या भिंतींच्या आत कोबाल्टच्या कांड्या खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात, आतलं सगळं सामान लागलं की माणसं बाहेर येतात, दारं बंद होतात आणि मगच कांड्या वर येतात. सामान टांगलेल्या पेट्यांतून त्यांच्याभोवती फेऱ्या घेतं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतं.

घंटा वाजली, लाल दिवा लागला. मी दोन पावलं मागे सरले. मग आणखी दोन. भोयरांनी पाहिलं.

"ताई, इथं उभं राहून मी रोज डबा खातो. वीस वर्षं झाली. पोरीचं लग्नही लावलं."

मी हसले, पण मागे सरलेली पावलं पुढे घेतली नाहीत. माझी माती आत निघाली. पाच वर्षं मी तिला उन्हात घातलं होतं, पावसाची चाहूल लागली की धावत जाऊन झाकलं होतं. आता ती अशा ठिकाणी चालली होती जिथं मला जाता येणार नव्हतं. मला वाईट वाटलं. तिचं काही बिघडलं तर? चिकटपणा गेला तर? जंतू मरतात म्हणजे नेमकं काय काय मरतं?

"उद्या दुपारून येजा," भोयर म्हणाले. "आज चांगलं जेवा. सावजी खाल्लं का?"

सावजी खाल्लं. काळा मसाला, वर तेलाचा तवंग. रामाजीनं आग्रहानं नेलं होतं. चव उत्तम असणार, कारण तो दोन वेळा भाकर मागून घेत होता. माझ्या जिभेला त्या दिवशी कशाचीच चव कळत नव्हती.

पुन्हा हिंगणा

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मागच्या दारानं गेलो. पलीकडच्या बाजूला माझी दहा खोकी एका ओळीत ठेवलेली होती आणि दहाही टिकल्या लाल. मला रडू येईल असं वाटलं. भोयर कागदावर सही आणायला आत गेले. "दोन मिनिटं थांबा, मालाले हात नका लावू," एवढंच म्हणाले.

दोन मिनिटं. माझ्यासारख्या बाईला दोन मिनिटं एकटं सोडू नये.

मी पहिल्या खोक्याजवळ गेले. नुसतं बघू, म्हटलं. पुठ्ठा कोमट वाटला, की मला भास झाला. आत माती कशी असेल? तिचा रंग? ठवकर डॉक्टरांनी उघडल्यावर ती राख निघाली तर? कमलताई पुन्हा पाठ पुढे करतील, मी पुन्हा काय तोंड दाखवू? हे सगळं माझ्या मनात चालू होतं, आणि तोवर माझ्या हातानं लॉजच्या किल्लीनं पट्टी कापली होती, पाकिटाचं तोंड फाडलं होतं, बोट ओलं करून मातीत टेकवलं होतं आणि जिभेला लावलं होतं.

तीच चव. गुळगुळीत, खर नाही, टाळूला चिकटणारी. माझी माती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "आहे, आहे" असं म्हणाले.

"ताई! काय करून राहिल्या?"

भोयर दारात उभे होते, हातात कागद. "सील तोडलं? अन् जिभेले लावून राहिल्या? अहो, एवढी मेहनत करून जंतू मारले आम्ही, अन् तुम्ही थुंकी लावून परत भरून राहिल्या!"

"एकच पाकीट," मी म्हटलं. "एवढं एकच बाजूला काढते."

"एकच?" ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले.

मीही बघितलं. डाव्या हातानं मी दुसरं पाकीट उचललेलं होतं. किल्ली त्याच्या तोंडावर टेकली होती. आणि उजव्या हाताचं बोट, तेच ओलं, जिभेला लावलेलं बोट, त्या पाकिटाकडे निघालं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता.

मी पाकीट खाली ठेवलं आणि त्या लाल टिकल्यांसमोर फरशीवर बसले. घरी मी हेच करते. भरण्याआधी नाही, भरल्यावर. प्रत्येक पाकीट भरलं की, ते बंद व्हायच्या आधी, बोट ओलं करून एक चिमूट. मागचं कसंही असो, हे चांगलं असेल ना, या काळजीनं. शेवंता भरायची आणि मी शेवटी येऊन एकेक पाकीट चाखून बंद करायची. जिभेचं बोट मातीत, मातीतलं बोट जिभेला, पुन्हा मातीत. बारा महिने बसलेला घसा घेऊन.

मातीतला नाही, माणसाचा आहे, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी दुसऱ्या माणसाचं बोट शोधत बसले होते.

"पाणी आणू काय?" भोयरांनी विचारलं. त्यांचा राग गेला होता. मी फारच विचित्र दिसत असणार.

पुन्हा धरमपेठ

टेम्पोत माझ्या मनात वाईट विचार आले ते लिहायलाच हवेत. फोडलेलं पाकीट माझ्या पिशवीत होतं. भोयरांनी खोकं पुन्हा बंद करून त्यावर 'उघडले' असा शिक्का मारला होता, बाकी नऊ खोकी तशीच होती. डॉक्टर नऊ घेतील, तपासतील, ती चांगली निघतील. कुणाला काय कळणार? शेवंता तर तशीही घरी बसलेली आहे. शेडमध्ये यापुढे मी चाखणार नाही, झालं. मी रामाजीला काही सांगितलं नाही, पण त्यानं आरशातून दोनदा पाहिलं आणि गाणं बंद केलं.

डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मात्र सगळं तोंडातून बाहेर पडलं. लकडगंजचं, हिंगण्याचं, आमच्या शेडचं. डॉक्टर उठल्या, मला दिव्याखाली बसवलं, घसा पाहिला, कापूस लावलेल्या काडीनं नाकातून आणि घशातून नमुना घेतला. "रिपोर्ट येईपर्यंत मी काही नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण वसुधाताई, असं तुम्ही आधी काहून नाही सांगितलं मले?"

"ते सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही. आम्ही चाखतोच."

कमलताई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांच्या पाठीवरचे ते डाग मला आठवत होते.

"माह्या पाठीचं झालं बरं," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी नको रडू. पण जिले तू घरी बसवलं, त्या बाईचं काय? तिले सांगतलं काय तू?"

"घरी गेल्यावर सांगते."

"घरी काहून? फोन नाही काय तुह्याजवळ?"

मी बाहेर पायऱ्यांवर आले. समोर रसवंतीचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता. शेवंतानं फोन तिसऱ्या घंटीला उचलला. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्ये कुठंही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते. माझं बोट होतं, शेवंता. तुझं नव्हतं.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"वैनी," ती मग म्हणाली, "चाखायला मीच शिकिवलं तुमास्नी. पर मी ढिगातली चिमूट चाखते, एकदाच, आन् थुकते. बोट पदराला पुसते. पाकिटात न्हाई घालत कवा."

"मग मी घालताना बोलली का नाहीस?"

"लई येळा वाटलं बोलावं. पर तुमास्नी काळजी वाटती म्हनून तुमी करताय, आसं वाटायचं. काळजी करनाऱ्या मानसाला काय म्हनायचं?"

"तुझं बोट बरं झालं का?" मी विचारलं.

"कवाच झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी

संत्रा बर्फी घेऊन मी कोल्हापूर स्टेशनवरून थेट तिच्या दारात गेले. तिनं बर्फी घेतली, पोरांना दिली, मला चहा दिला, आणि कामावर येते असं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मधल्या काळात डॉक्टरांचा फोन आला. नऊ खोकी स्वच्छ निघाली, पुढचा माल त्यांना हवा आहे. आणि माझ्या घशातल्या नमुन्यात तोच जंतू सापडला आहे. औषध पाठवते, म्हणाल्या. मी तो निरोप शेवंताच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर मोठ्यानं सांगितला. ज्या तोंडानं तिला घालवलं त्याच तोंडानं सांगायला हवं होतं.

ती सोमवारी आली. शेडच्या दारात तिनं चुन्यानं एक आडवी रेघ मारली. भोयरांची जाळी मी तिला सांगितली होती. रेघेच्या पलीकडे भरलेला माल, आणि पलीकडे फक्त ती. ते फोडलेलं पाकीट फळीवर ठेवलं आहे, कुणी वापरत नाही आणि फेकतही नाही.

मला रेघेच्या आत पाय टाकायचा असला तर आधी तिला हाक मारावी लागते. ती हात धुऊन येते, धुतलेलं फडकं माझ्या नाका-तोंडावर धरते आणि मागे जाऊन गाठ मारते. दरवेळी जरा जास्तच घट्ट मारते. मी मान जरा पुढे करते.